पीळ

सकाळी दहाला दिवे लावते मी.
फोर्टातल्या या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर
चार महिन्यांचे पाहुणे आलेत:
जपान डावीकडे, चीन उजवीकडे,
मधे माझं प्लास्टिकचं स्टूल.

नाव छातीवर आहे. तांडेल र. ध.
सूचना पाठ आहेत: हात लावू नका, फ्लॅश मारू नका,
काचेला टेकू नका.
मी रोज टेकते.
दहाला पाच कमी असताना, पुसायच्या निमित्तानं.

पहिलंच मडकं, ओबडधोबड.
पाटी म्हणते जोमोन, पाच हजार वर्षं.
ओल्या मातीवर दोर दाबला कुणीतरी, आणि फिरवला.
पेरीनबाईंनी एकदा भिंग दिलं, म्हणाल्या, बघ तरी.
बघितला. उजव्या पिळाचा, दुपदरी.
एका जागी दोर घसरलाय,
तिथं बोटानं सारवून घेतलंय.
माझी आय असाच वळायची, मांडीवर,
मच्छीमार नगरच्या ओट्यावर,
आणि चुकलं की असंच बोट फिरवायची,
कुणी बघितलं नाही ना, असं बघत.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,
हे ती मामाच्या नावानं म्हणायची, भांडणात.
इथं तो दोर कुठल्या पावसात कुजला कुणास ठाऊक;
मडकं जाळातून बाहेर आलं
पीळ तेवढा घेऊन.

बुधवारी शाळा येतात.
मास्तर पाढा म्हणून घेतात: शांग, झोऊ, चिन, हान.
पोरं ओरडतात, आणि मातीचा शिपाई शोधतात.
शिपाई नाही आला, मी सांगते, फोटो आहे.
चिनच्या कपाटात एक वजन आहे, काशाचं.
त्या राजानं म्हणे सगळ्या मुलखाला एकच माप दिलं,
गाड्यांची चाकं एका अंतरावर, अक्षरं एका वळणाची.
भाऊच्या धक्क्यावर यायचं होतं एकदा त्यानं.
आमच्या गोदूचा काटा बघायला.

हानपाशी कुणी थांबत नाही.
पिवळा तुकडा, पापडाएवढा. कागद.
कशाचा? झाडाची साल, ताग, फाटकी फडकी,
मासे धरायची जुनी जाळी.
मी दोनदा वाचलं.
बापूस आमचा सालीच्या काढ्यात जाळं बुडवून ठेवायचा,
पिंपात, रात्रभर. घरभर तुरट वास.
नायलॉन आलं, तशी ती जाळी वजनावर गेली.
कुटून कागद केला असता
तर एखादी चिठ्ठी तरी असती त्याच्या हातची.
त्याला लिहिता येत नव्हतं.
तरी.

शांगच्या हाडापाशी मी शेवटी जाते.
खरं नाही, नक्कल आहे: कासवाचं पोट,
त्यावर नखाएवढी अक्षरं.
निखाऱ्यानं तडा पाडायचा, तड्याला विचारायचं.
पाऊस येईल? दात दुखतो, कुठला पूर्वज रागावला?
राणीचं बाळंतपण नीट होईल?
आणि खाली, नंतर, कुणीतरी कोरून ठेवलंय:
एकतीस दिवसांनी झाली.
चांगलं झालं नाही. मुलगी.

पेरीनबाई सांगतात, हीच राणी पुढे
तेरा हजार माणसं घेऊन लढाईवर गेली.
ते दुसऱ्या हाडावर आहे.
ते हाड आलेलं नाही.

आम्ही चौघी बहिणी.
माझ्या वेळी सुईण बाहेर आली
आणि काही न बोलता हात धूत राहिली, म्हणतात.

डाव्या टोकाला, हेइआनच्या पडद्याखाली
एका पत्राचा फोटो, वाहत्या ओळींचा.
मोठी चिनी अक्षरं पुरुषांची होती;
ही वेगळी, मऊ, बायका लिहायच्या.
या लिपीला नाव काय, तर बायकांचा हात.
तिथं मी काच जरा जास्तच पुसते.

सहा वाजता वही.
तापमान बावीस. आर्द्रता पंचावन्न. वस्तू जागेवर.
शेऱ्याचा रकाना दोन वर्षं कोराच सोडलाय मी.
आज लिहिलं:
जोमोन मडक्यावर, डाव्या कडेला,
बोटाचा ठसा आहे.
पाटीवर नोंद नाही.
करावी.